जुना लॅपटॉप रखडतोय? पेनड्राइव्ह आणि रॅमची ‘कॅश’ कुठे उपयोगी पडते, कुठे अंगाशी येते

सकाळी लॅपटॉपचं बटण दाबायचं, आत जाऊन चहा टाकायचा, तो पिऊन बाहेर यायचं, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असतं. फिरती हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असलेले, आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले लॅपटॉप आजही कितीतरी घरांत, झेरॉक्सच्या दुकानांत आणि सोसायट्यांच्या ऑफिसांत चालू आहेत. टाकून द्यावेत असे ते नाहीत, आणि नवा घ्यायचा तर खिशाला परवडत नाही. अशा वेळी कुणीतरी सांगतं, “पेनड्राइव्ह लाव, रॅम वाढते.” दुसरा म्हणतो, “एक सॉफ्टवेअर टाकून देतो, रॅमचीच डिस्क होते, रॉकेटसारखा पळेल बघ.” दोन्ही सांगण्यांत थोडं तथ्य आहे. ते किती, हे समजून न घेता केलं तर वेग राहतो बाजूला आणि एखादी महत्त्वाची फाईल हातची जाते.

मुळात रखडतं काय?

बहुतेक वेळा दोष प्रोसेसरला दिला जातो. पण जुन्या लॅपटॉपमध्ये खरी अडचण असते ती हार्ड डिस्कची. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. त्याआधी ते टोक योग्य जागी सरकायला आणखी १२ मिलिसेकंदांच्या आसपास. असे एका छोट्या तुकड्यामागे १७-१८ मिलिसेकंद गेले. हिशेब केला तर ही डिस्क सेकंदाला जेमतेम ५५-६० विखुरलेले तुकडे वाचू शकते. एखादा प्रोग्राम उघडताना असे २००० तुकडे गोळा करावे लागले, तर अर्धं मिनिट तिथेच संपलं.

सलग मोठी फाईल वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला ८०-१०० एमबी सहज देते. म्हणून सिनेमा बघताना काही जाणवत नाही, आणि ब्राउझर उघडताना मात्र जीव जातो.

रॅममधून एखादी गोष्ट उचलायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. हे आकडे डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून किराणा दुकान धरू. रॅम म्हणजे गल्ल्याशेजारची मांडणी, हार्ड डिस्क म्हणजे लांबचं गोदाम. मांडणीवरची साखर द्यायला एक सेकंद लागतो असं मानलं, तर त्याच हिशेबाने फिरत्या डिस्कच्या गोदामातून ती आणायला जवळजवळ दोन दिवस लागतील. चांगल्या पेनड्राइव्हमधून आणायला अडीच-तीन तास, आणि एसएसडीमधून पंधरा-वीस मिनिटं. पुढचं सगळं या एका प्रमाणावर उभं आहे.

शहाणा दुकानदार काय करतो? जे रोज खपतं ते आधीच मांडणीवर आणून ठेवतो. संगणकात यालाच कॅश म्हणतात. उच्चार पैशाच्या कॅशसारखाच, अर्थ मात्र ‘हाताशी ठेवलेला साठा’.

विंडोज हे काम आधीपासूनच करतं

रॅममध्ये डिस्कची कॅश ठेवायला वेगळं काही टाकावं लागतं, असा अनेकांचा समज आहे. तसं नाही. तुम्ही एकदा वाचलेली फाईल विंडोज लगेच विसरत नाही. रॅममध्ये जागा असेपर्यंत ती तिथेच राहू देतं. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामला जागा लागली तर क्षणात सोडूनही देतं. विंडोज एक्सपीमध्ये प्रीफेच आलं, व्हिस्टामध्ये सुपरफेच आलं. तुम्ही रोज काय उघडता याचा अंदाज बांधून ते आधीच रॅममध्ये आणून ठेवायचं, हे त्याचं काम. विंडोज १० च्या २०१८ च्या अखेरच्या आवृत्तीपासून त्याच सेवेचं नाव सिसमेन झालं.

टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’वर क्लिक करा. तिथे ‘कॅश्ड’ असा आकडा दिसेल. तो म्हणजे मांडणीवर आणून ठेवलेला माल. रॅम भरलेली दिसली की लोक घाबरतात आणि ‘रॅम क्लीनर’ टाकतात. तो काय करतो, तर मांडणीवरचा माल उचलून टाकतो आणि ‘बघा किती जागा रिकामी झाली’ म्हणून दाखवतो. पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा गोदामाची फेरी! असे क्लीनर आधी काढून टाका. सिसमेन बंद करा असं सांगणारे व्हिडिओही भरपूर फिरतात. डिस्क सतत शंभर टक्क्यांवर अडकत असेल तर एक दिवस बंद करून बघायला हरकत नाही. पण फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करा.

आता एक साधा प्रयोग. यात पैसे लागत नाहीत. लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि पाच-सात मिनिटं नुसता सोडून द्या. मग ब्राउझर उघडा आणि किती सेकंद लागतात ते मोबाईलच्या घड्याळावर मोजा. तो बंद करून लगेच पुन्हा उघडा. दुसऱ्या वेळी बराच पटकन उघडला, तर कॅश नीट काम करतेय, रॅम निदान एवढ्यापुरती पुरतेय आणि अडतंय ते डिस्कपाशी. दुसऱ्या वेळीही तेवढाच रखडला, तर एक तर रॅम इतकी भरलेली आहे की कॅशला जागाच उरत नाही, किंवा प्रोसेसरच दमलेला आहे. मेमरीच्या पानावर ‘अव्हेलेबल’ आकडा बघा. तो अर्ध्या जीबीच्याही खाली घुटमळत असेल तर रॅम कमी पडतेय. पुढचा निर्णय या छोट्या प्रयोगावर घ्यायचा.

पेनड्राइव्हची युक्ती : रेडीबूस्ट

‘पेनड्राइव्ह लावला की रॅम वाढते’ हे वाक्य आलं ते रेडीबूस्टमुळे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत मायक्रोसॉफ्टने ही सोय दिली. तेव्हा ५१२ एमबी रॅमचे संगणक सर्रास होते, आणि व्हिस्टाला तेवढ्यात श्वास घेता येत नव्हता.

रेडीबूस्टने रॅम वाढत नाही. डिस्कवरच्या छोट्या, विखुरलेल्या तुकड्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली जाते, एवढंच. मांडणी तेवढीच राहते, मध्ये एक छोटं गोदाम तयार होतं. पेनड्राइव्ह पात्र ठरायला ४ केबीचे विखुरलेले तुकडे सेकंदाला किमान २.५ एमबी या वेगाने वाचता यावे लागत. म्हणजे सेकंदाला सहाशेच्या वर तुकडे. फिरत्या डिस्कचे साठ आठवा. इथे फायदा खरा आहे. मोठी सलग फाईल असेल तर मात्र विंडोज पेनड्राइव्हकडे न जाता थेट डिस्ककडे जातं, कारण यूएसबी २.० मधून प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपासच मिळतात आणि तिथे जुनी डिस्कही पुढे असते.

लावायची पद्धत सोपी आहे. पेनड्राइव्ह लावा, त्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘रेडीबूस्ट’ टॅबमध्ये ‘यूज धिस डिव्हाइस’ निवडा आणि जागा ठरवा. रॅमच्या एक ते अडीच पट जागा द्यावी, असा मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता. व्हिस्टामध्ये एकच पेनड्राइव्ह आणि ४ जीबीपर्यंतच मर्यादा होती. विंडोज ७ मध्ये आठ पेनड्राइव्ह, प्रत्येकी ३२ जीबीपर्यंत चालू लागले. ४ जीबीपेक्षा जास्त द्यायचे असतील तर पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करून घ्यावा. आधी त्यातले फोटो काढून घ्या.

पेनड्राइव्ह मध्येच ओढून काढला तर काय? काही बिघडत नाही. त्यावर असते ती फक्त प्रत, मूळ डिस्कवरच राहतं. ती प्रत एईएस-१२८ पद्धतीने कुलूपबंद केलेली असते, त्यामुळे पेनड्राइव्ह हरवला तरी कुणाला त्यातून काही वाचता येत नाही. सुरक्षिततेच्या बाजूने रेडीबूस्टचं काम चोख आहे.

मग आज तो वापरावा का? १ किंवा २ जीबी रॅमचा, फिरत्या डिस्कचा, विंडोज ७ वरचा संगणक असेल आणि चांगला पेनड्राइव्ह घरात पडून असेल, तर जरूर लावा. ४ जीबीवर फरक पुसट होतो, ८ जीबीवर शोधूनही सापडत नाही. मुख्य डिस्क एसएसडी असेल तर विंडोज स्वतःच सांगतं की हा संगणक पुरेसा वेगवान आहे, याची गरज नाही. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तर हा टॅबच राहिलेला नाही. केवळ रेडीबूस्टसाठी दुकानात जाऊन नवा पेनड्राइव्ह घेऊ नका. ते पैसे एसएसडीच्या डब्यात टाका.

रॅममध्ये कॅश करणारी सॉफ्टवेअर

दुसरा प्रकार म्हणजे रॅमचा एक तुकडा कायमचा बाजूला काढून तिथे डिस्कची कॅश चालवणारी सॉफ्टवेअर. प्राइमोकॅश हे त्यातलं माहितीतलं नाव. विंडोजची कॅश गरज पडली की जागा सोडते. हे सॉफ्टवेअर मात्र तुम्ही ठरवून दिलेली जागा धरून बसतं. १६ जीबी रॅम असलेल्या माणसाने त्यातली ४ जीबी दिली तर ठीक. पण ४ जीबीच्या लॅपटॉपमध्ये १ जीबी अशी बांधून टाकली की ब्राउझरला जागा कमी पडते. विंडोज मग रॅममधला माल डिस्कवरच्या पेज फाईलमध्ये नेऊन ठेवू लागतं. म्हणजे डिस्कचं काम वाचवायला निघालो आणि डिस्कचंच काम वाढवून बसलो. ज्यांना वेगाची खरी गरज आहे, त्यांच्याकडेच या उपायाला लागणारी रॅम नसते. अडचण आहे ती ही.

धोका आहे तो याच्या पुढच्या पायरीवर. अशा सॉफ्टवेअरमध्ये ‘डिफर राइट’ नावाची एक खूण असते. ती चालू केली की तुम्ही ‘सेव्ह’ केलेलं काम लगेच डिस्कवर जात नाही. ते रॅममध्ये थांबतं आणि ठरलेल्या वेळाने एकगठ्ठा उतरतं. लॅपटॉप खरंच झपाट्याने चालल्यासारखा वाटतो. पण मधल्या काळात वीज गेली, तर रॅममधलं सगळं पुसलं जातं.

बेळगावात माझ्या ओळखीचे एक डीटीपीवाले काका आहेत. लग्नपत्रिका, अहवाल, हँडबिलं अशी कामं. एका मराठी शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचं काम त्यांच्याकडे होतं. लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच मेलेली, थेट पिनवर चालवायचे. कुणीतरी असं सॉफ्टवेअर टाकून, वेळ दहा मिनिटांवर ठेवून दिला. पंधरा दिवस काका खूश. एका दुपारी लाईट गेली. परत आल्यावर लॅपटॉप चालू झाला, डिस्क तपासणीही नीट पार पडली, पण स्मरणिकेची फाईल काही उघडेना. “काय हो हे, कालपर्यंत चांगला पळत होता की!” काकांनी फोनवर विचारलं. मी जाऊन बघितलं तर फाईलचं नाव होतं, आकारही दिसत होता, आत मात्र निम्मा भाग जुना आणि निम्मा भलताच. प्रूफाचे कागद जपून ठेवले होते म्हणून निभावलं. चाळीसेक पानं पुन्हा बसून लावली.

यात विंडोजची चूक म्हणता येत नाही. एनटीएफएस वीज गेल्यावर स्वतःची मांडणी सावरून घेतं, म्हणजे कुठली फाईल कुठे आहे ही यादी शाबूत राहते. फाईलच्या आतला मजकूर शाबूत राहील याची हमी ते देत नाही.

असाच एक पर्याय खुद्द विंडोजमध्येही आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या ‘पॉलिसीज’ टॅबवर दोन चौकोन दिसतात. पहिला राइट कॅशिंगचा. तो बहुधा आधीपासून चालू असतो, तसाच राहू द्या. दुसरा ‘बफर फ्लशिंग’ बंद करण्याचा. डिस्कला वेगळा, खात्रीचा वीजपुरवठा असेल तरच हा निवडा, असं तिथे लिहिलेलं आहे. व्हिडिओ बघून लोक नेमका हाच चौकोन टिकमार्क करतात. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर याला हात लावायचा नाही.

बॅटरी चांगली असेल तर एक बिनपैशाची सोय आहे. लॅपटॉप दरवेळी शटडाउन न करता ‘स्लीप’ करा. स्लीपमध्ये रॅम चालू राहते, त्यामुळे मांडणीवरचा माल तसाच असतो आणि झाकण उघडताच काम पुढे सुरू होतं. मेलेल्या बॅटरीवर हेही नको, कारण तेच.

पैसे खर्च करायचेच असतील तर

खर्चाआधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कची अवस्था रंगाने दाखवतं. पिवळा रंग आणि ‘कॉशन’ असं दिसलं, तर तुमचा लॅपटॉप रखडत नाहीये, त्याची डिस्क मरायला टेकलीय. खराब झालेला भाग डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहते, म्हणून सगळं थिजतं. तेव्हा वेगाचा विचार बाजूला ठेवून आधी सातबारा, मार्कशीट, फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.

डिस्क धडधाकट आहे आणि रॅम कमी पडतेय, असं दिसलं तर ४ ची ८ जीबी करा. टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते लिहिलेलं असतं. जुन्या लॅपटॉपमध्ये डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत गल्लत होते. पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ व्होल्टवर चालणारी. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर३एलच लागते, साधी घातली तर बहुधा सुरूच होत नाही. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या. ३२ बिटची विंडोज असेल तर आणखी रॅम घालून उपयोग नाही, ती साडेतीन जीबीच्या अलीकडेच अडखळते. आधी ६४ बिटची टाकावी लागेल. काही स्वस्त, पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते, तिथे हा मार्गच बंद.

दोन्हींपैकी एकच परवडणार असेल, तर माझं मत एसएसडीच्या बाजूने आहे. तिला सरकणारं टोक नाही, फिरणारी तबकडी नाही. विखुरलेला तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात येतो. दोन दिवसांचे पंधरा-वीस मिनिटं झाले की बाकीच्या युक्त्यांची गरजच बरीचशी संपते. रॅम भरून पेज फाईल वापरावी लागली तरी ती आता एसएसडीवर असते, त्यामुळे तेही तितकं टोचत नाही. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी बसते. साटाची जुनी, निम्म्या वेगाची पिढी असली तरी बिचकू नका. फायदा मिळतो तो तुकडे पटकन सापडण्याचा, सलग वेगाचा नव्हे. २५६ जीबीची घरकामाला पुरते. डीव्हीडी ड्राइव्ह वापरात नसेल तर तो काढून तिथे कॅडी लावून जुनी डिस्क बसवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, मापून घ्या.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागतं. त्यामुळे अनेक जुने लॅपटॉप आता लिनक्सकडे वळतायत. तिथेही तीच गोष्ट : रिकामी रॅम डिस्कच्या कॅशसाठी आपोआप वापरली जाते. त्यात भर म्हणून झेडरॅम नावाची सोय आहे. रॅममधला कमी लागणारा माल डिस्कवर पाठवण्याऐवजी तो दाबून, घडी घालून रॅममध्येच ठेवायचा. थोडं काम प्रोसेसरला पडतं, पण गोदामाची फेरी वाचते. २ ते ४ जीबीच्या लॅपटॉपवर याचा फरक डोळ्यांना दिसतो. फेडोरामध्ये २०२० पासून हे आपोआप चालू असतं, इतर बऱ्याच ठिकाणी स्वतः सुरू करावं लागतं. विंडोज १० आणि ११ मध्येही मेमरी कॉम्प्रेशन म्हणून असंच काम आतल्या आत चालतं, तिथे तुम्हाला काही करावं लागत नाही.

एसएसडी बसवून झाल्यावर काढलेली जुनी डिस्क भंगारात देऊ नका. तिच्यात तुमच्या फाईली आहेत, आणि नुसतं फॉरमॅट केल्याने त्या खऱ्या अर्थाने जात नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फोने ती निळी दाखवली असेल तर यूएसबीचं एक बाहेरचं केसिंग घ्या, त्यात डिस्क घाला आणि महिन्यातून एकदा बॅकअप उतरवून कपाटात ठेवा. डीटीपीवाल्या काकांच्या टेबलाच्या खणात आता अशीच एक डिस्क आहे, वर पट्टी चिकटवून ‘स्मरणिका’ असं लिहिलेली.